पंपावरच्या माणसाचं रक्त तपासा

प्रति,
मा. प्रतापराव जाधव,
केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण राज्यमंत्री तथा खासदार, बुलढाणा



प्रतापराव, जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा अशा गावांतल्या माणसांचे केस हातात येऊ लागले. आधी कोणाला खरं वाटेना. मग फोटो फिरले, बातम्या आल्या आणि थोड्याच दिवसांत आयसीएमआरचे तज्ज्ञ दिल्ली-चेन्नईहून थेट गावात येऊन बसले. केसांचे, रक्ताचे, पाण्याचे नमुने गेले. आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यासाठी देशातली सर्वांत मोठी वैद्यकीय संशोधन संस्था धावून येऊ शकते, हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं. त्या भरवशावरच हे पत्र लिहितो आहे.

शेगावकडच्या गावांत टक्कल पडलं होतं, ते डोळ्यांना दिसत होतं. मी ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांचं काही घटलंच तर ते हाडांच्या आत, रक्त जिथं तयार होतं तिथं घटतं. त्याचा फोटो निघत नाही, म्हणून बातमीही होत नाही. ही माणसं म्हणजे पेट्रोल पंपावर नोझल धरून उभी असणारी पोरं, गॅरेजमधले मिस्त्री आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी मुलं, टँकर खाली करणारे ड्रायव्हर-क्लीनर. त्यांच्या नाकातोंडात रोज जाणाऱ्या पदार्थाचं नाव बेंझीन.

मी धाडचा. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. धाड आपल्याला नवं नाही. वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या शिवेवरचं गाव, बुलढाण्याहून संभाजीनगरकडं आणि भोकरदन-जालन्याकडं जाणाऱ्या वाहनांची वाट. रस्त्यावरच्या गावाचं पोट रस्त्यावर चालतं. शेती पावसाच्या भरवशावर, तेव्हा बारावी झालेला किंवा राहिलेला मुलगा पंपावर लागतो, गॅरेजात बसतो, नाहीतर वाळूजच्या कंपनीत जातो. अकरावीला मी फळ्यावर बेंझीनचा षटकोन काढतो. मायकेल फॅरेडेनं हा द्रव १८२५ मध्ये वेगळा केला आणि केकुलेनं १८६५ मध्ये त्याची कड्यासारखी रचना मांडली, हे पोरं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि दोन वर्षांनी त्याच द्रवाच्या वाफेत दहा-दहा तास उभी राहतात. त्या वाफेचं काय करायचं हे पुस्तकात नाही आणि नोकरीवर घेतानाही कोणी सांगत नाही.

बेंझीन पेट्रोलमध्ये मुळातच असतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं. त्याच्या मानकानुसार पेट्रोलमध्ये बेंझीन आकारमानानं जास्तीत जास्त १ टक्का असू शकतं. कधीकाळी याहून कितीतरी जास्त चालायचं, तेव्हा टप्प्याटप्प्यानं झालेली ही सुधारणा मोठी आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. तरीही १ टक्का म्हणजे किती, ते मी मुलांना मांडून दाखवतो. एका लिटरमध्ये १० मिलिलिटर, दोन चहाचे चमचे. वजन सुमारे पावणेनऊ ग्रॅम. कारखान्याच्या हवेत आठ तासांच्या पाळीत सरासरी किती बेंझीन चालेल याची मर्यादा आपल्या जुन्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात दिली होती : हवेच्या दहा लाख भागांत अर्धा भाग, म्हणजे घनमीटरला दीड मिलिग्रॅम. या हिशेबानं ते दोन चमचे पूर्ण उडाले, तर सुमारे ५,८०० घनमीटर हवा मर्यादेला टेकते. आमचा वर्ग आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच धरला, तर असे चौतीस-पस्तीस वर्ग. पंप उघड्यावर असतो, वारा वाहतो, त्यामुळं प्रत्यक्षात एवढं साचत नाही, हे मान्य. पण वारा पडलेल्या दुपारी, छताखाली, मशीनच्या दोन हातांच्या अंतरात काय असतं, ते धाडमध्ये आजवर कोणी मोजलेलं मला माहीत नाही.

मे महिन्यातली दुपार घ्या. मोटारसायकल येते, पोरगा "झिरो बघा" म्हणतो, नोझल टाकीच्या तोंडाशी धरतो आणि मान वाकवून आत पाहतो. त्याला पाहावंच लागतं. चारचाकीच्या टाकीत नोझल आत जाऊन बसतं, टाकी भरली की आपोआप बंद होतं. मोटारसायकलच्या टाकीत ते नीट बसत नाही, तिथं डोळ्यांच्या अंदाजानं भरायचं. आता टाकीच्या आत काय चाललंय ते पाहा. रिकामी टाकी खरी रिकामी नसते, ती पेट्रोलच्या वाफेनं भरलेली असते. एक लिटर पेट्रोल आत गेलं की एक लिटर वाफाळलेली हवा त्याच तोंडातून बाहेर पडते आणि त्या तोंडावर पोराचं तोंड असतं. उन्हात हवा थरथरताना दिसते ना, ती हीच वाफ. पुढं गिऱ्हाईक म्हणतं, "अजून थोडं बसवा, काट्याला आणा." पेट्रोल उतू जातं, टाकीवरून ओघळतं. पोरगा खिशातलं फडकं काढून पुसतो आणि तेच फडकं परत खिशात घालतो. मांडीला लागून दिवसभर ते तिथंच.

बेंझीनची वाफ हवेपेक्षा पावणेतीनपट जड असते. ती वर जाऊन निघून जात नाही, खाली रेंगाळते. म्हणून सर्वांत वाईट वेळ टँकर खाली करायची. जमिनीखालच्या टाकीत हजारो लिटर उतरतात, तेवढीच वाफ त्या टाकीतून बाहेर ढकलली जाते. ती परत टँकरमध्ये नेणारी नळी जोडली नसेल तर सगळी हवेत येते. डिप मारणारा, म्हणजे पट्टी बुडवून टाकीतली पातळी मोजणारा माणूस झाकण उघडून त्या तोंडावर ओणवा असतो. घनता पाहण्यासाठी काचेच्या नळकांड्यात पेट्रोल काढलं जातं, पाहून झालं की परत ओतलं जातं. हे रोजचंच काम. यात कोणाचा निष्काळजीपणा नाही, कामाची रीतच तशी आहे.

गॅरेजची गोष्ट पंपापेक्षा वाईट आहे, कारण तिथं वाफेबरोबर कातडीही आली. कार्बोरेटर, चेन, बेअरिंग पेट्रोलच्या ट्रेमध्ये बुडवून ब्रशनं धुतात, संध्याकाळी हातही त्याच पेट्रोलनं धुतात, कारण ग्रीस दुसऱ्या कशानं लवकर निघत नाही. टाकीतून पेट्रोल काढायचं तर पाइप तोंडात धरून ओढायचा. पहिला घोट बऱ्याचदा तोंडात येतोच. हे काम हमखास सर्वांत लहान मुलाकडं असतं. फवारणीच्या दिवसांत पेट्रोलवरचे स्प्रे पंप दुरुस्तीला येतात, ते बंद पत्र्याच्या शेडमध्ये चालू करून पाहतात. शेतकरीही बाटलीतून पेट्रोल नेतो, बांधावर ओततो, त्याच हातानं भाकरी मोडतो. शेतकऱ्याचा संपर्क हंगामापुरता, मिस्त्रीचा वर्षभराचा.

हे अंगात गेल्यावर काय करतं, ते आपल्या खात्यातले डॉक्टर माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. थोडक्यात एवढं की फुप्फुसातून बेंझीन रक्तात जातं, यकृत ते बाहेर टाकण्यासाठी त्याचं रूप बदलतं, आणि त्या बदललेल्या रूपातले काही पदार्थ मूळ पदार्थापेक्षा घातक असतात. ते अस्थिमज्जेवर, म्हणजे रक्ताच्या कारखान्यावरच हल्ला करतात. लाल पेशी घटल्या की दम लागतो, पांढऱ्या घटल्या की ताप पुन्हापुन्हा येतो, प्लेटलेट घटल्या की हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात. बऱ्याच वर्षांनी यातल्या काहींना अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं बेंझीनला कित्येक दशकांपूर्वीच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्यांत टाकलं. मार्च २०२५ मध्ये त्याच संस्थेनं एक पाऊल पुढं जाऊन खुद्द पेट्रोलच पहिल्या गटात घातलं. आधार दोन : रक्ताचा हाच कर्करोग आणि मूत्राशयाचा कर्करोग. बेंझीनची अमुक एक पातळी सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही.

घबराट पसरवण्याचा माझा हेतू नाही. आठवड्यातून एकदा दोन मिनिटं पंपावर थांबणाऱ्यानं काळजी करायचं कारण नाही. पंपावर काम करणाऱ्या प्रत्येकाला काही होईल असंही नाही, बहुतेकांना होणार नाही. पण धोका किती काळ आणि किती जवळून यावर ठरतो, आणि ज्याचा काळ सर्वांत मोठा व अंतर सर्वांत कमी, त्याचीच तपासणी होत नाही. गावात पावसाळ्यानंतर डेंग्यूच्या दिवसांत "पेशी कमी झाल्या" हे वाक्य घराघरात ऐकू येतं. पेशी वीस हजारांवर आल्या, पेशी चाळीसवर गेल्या, सगळ्यांना कळतं. अशा वेळी पंपावरच्या पोराच्या पेशी कमी निघाल्या तर ते डेंग्यूच्या नावावर जातं. ताप उतरतो, पोरगा कामाला जातो, महिन्याभरानं पेशी पुन्हा कोणी मोजत नाही. "काय काम करता?" हा प्रश्न केसपेपर काढताना बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या इटालियन डॉक्टरनं १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं आणि रोग्याला हा प्रश्न विचाराच, असा आग्रह धरला. सव्वातीनशे वर्षं होऊन गेली.

हे नवं ज्ञान नाही, हे सांगण्यासाठी थोडं जुनं सांगतो. स्वीडनमध्ये सायकलचे टायर बनवणाऱ्या कारखान्यात तरुण मुली कामाला होत्या. रबर विरघळवायला बेंझीन वापरत. त्यातल्या चौघी रक्त आटून गेल्या. सँटेसन या डॉक्टरनं ते १८९७ मध्ये नोंदवून ठेवलं. मला त्याहून जवळचं वाटतं ते इस्तंबूलचं उदाहरण. तिथं चपला-बूट बनवणाऱ्यांची छोटी छोटी दुकानं, हवा न खेळणाऱ्या खोल्या, चिकटवायच्या डिंकात बेंझीन. मुझफ्फर अक्सोय हे तिथले रक्तविकारांचे डॉक्टर. आपल्याकडं ल्युकेमियाचे जे रोगी येतात त्यांत चपला शिवणारे इतके कसे, असा त्यांना प्रश्न पडला. त्यांनी मोजायला घेतलं. सुमारे २८,५०० कामगारांमध्ये ल्युकेमियाचे २६ रोगी त्यांनी दाखवून दिले आणि १९७४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. अशा मोजणीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, कोट्यवधींचा निधी लागत नाही. कोण काय काम करतो हे विचारणारा एक डॉक्टर लागतो आणि रोग्यांची वही लागते. ती दुकानं आणि आमच्या बसस्थानकाजवळची गॅरेजं यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आता कायद्याकडं येतो, कारण तिथं आपल्या हातात काहीतरी आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९७१ मध्ये खास बेंझीनसाठी एक करार केला, क्रमांक १३६. भारतानं तो १९९१ मध्ये मान्य केला. त्यात काय लिहिलं आहे पाहा. कामावर घेण्याआधी रक्ताच्या चाचणीसह संपूर्ण वैद्यकीय तपासणी. पुढं ठरावीक काळानं पुन्हा तपासणी, तीही रक्ताच्या चाचणीसह. कामगाराच्या खिशाला त्याचा एक पैसाही भार नको. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना हे काम देऊ नये. अठरा वर्षांखालच्यांना देऊ नये. मला जे मागायचं आहे ते सगळं यात आहे आणि देशानं त्यावर सही केली आहे. अडचण व्याख्येत आहे. हा करार लागू होतो तो बेंझीनला आणि १ टक्क्यापेक्षा जास्त बेंझीन असलेल्या पदार्थांना. आपल्या पेट्रोलची कमाल मर्यादा नेमकी १ टक्का. म्हणजे ज्या बेंझीनयुक्त पदार्थाशी इतक्या भारतीय कामगारांचा रोज संबंध येतो, तो उंबऱ्याच्या बरोबर बाहेर राहिला. १९७१ मध्ये ती रेघ ठरवणाऱ्यांसमोर तेव्हाचं ज्ञान होतं. २०२५ मध्ये पेट्रोलच पहिल्या गटात गेल्यावर त्या रेघेमागं उभं राहणं आपल्याला शोभत नाही.

देशातल्या कायद्यांतही तसंच. बेंझीनमुळं होणारे आजार भरपाईच्या जुन्या कायद्यात व्यवसायजन्य म्हणून होते, आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टातही आहेत. कारखान्यात असा रोगी निघाला तर सरकारला कळवणं बंधनकारक आहे. पण धोकादायक प्रक्रियांच्या यादीत तेलशुद्धीकरण आहे, पंप नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतल्या बऱ्याच तरतुदी दहा किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथं लागतात. धाडसारख्या गावातल्या पंपावर दहा माणसं क्वचितच असतात, गॅरेजात तर दोन नाहीतर तीन. एखाद्याला पुढं खरोखर आजार झालाच, तर आपण तिथं पाच वर्षं नोझल धरलं हे सिद्ध करायला त्याच्याकडं कागद नसतो. पगार हातात मिळतो, नेमणुकीचं पत्र नाही. संहितेनं आता नेमणूकपत्र सक्तीचं केलं आहे, ते पंपावर पोचलं पाहिजे.

पंपावर नियम नाहीत असं नाही, चांगले कडक आहेत. पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्याच विदर्भात, नागपूरला आहे. तिचा परवाना, वाळूच्या बादल्या, अग्निशामक, टँकरला अर्थिंगची तार, हे सगळं तपासलं जातं आणि त्यामुळंच पंपांवर आगी इतक्या कमी लागतात. वैधमापनवाले माप तपासतात, पाच लिटरच्या मापानं मोजून मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. पंपाचं रक्षण झालं, गिऱ्हाइकाचं झालं. श्वासाचा नियम तेवढा राहिला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जानेवारी २०२० मध्ये पंपांसाठी सूचना काढल्या, त्यांत वाफ परत ओढून घेणाऱ्या यंत्रणेचा आग्रह आहे. पण तो शहराची लोकसंख्या आणि पंपाची विक्री पाहून. एक लाखाच्या आतल्या गावांना तो लागत नाही. शहरात धूर जास्त, वस्ती दाट, म्हणून आधी शहर, हे समजतं. परंतु ती यंत्रणा नागरिकांच्या हवेसाठी आखली गेली. नोझल धरणाऱ्याचं नाक धाडमध्ये आणि पुण्यात तेवढ्याच अंतरावर असतं.

मुंबईत माहुलच्या लोकांनी तेलाच्या टाक्यांमधून येणाऱ्या वाफांविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला आणि राष्ट्रीय हरित लवादानं २०२० मध्ये तिथल्या कंपन्यांवर एकूण २८६ कोटींची भरपाई बसवली. शेजारच्या वस्तीला दाद मागायला जागा होती. पंपावरचा पोरगा कोणाकडं जाणार? तक्रार केली तर नोकरी जाईल, ही भीती खोटी नाही.

म्हणून मागणं अगदी लहान करून आपल्यासमोर ठेवतो. वर्षातून एकदा सीबीसी. साधी रक्ततपासणी. सरकारी केंद्रांत रक्ताचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवायची सोय आजच आहे, डेंग्यूसाठी ती रोज वापरली जाते. तीच पंपावरच्या, गॅरेजातल्या आणि टँकरवरच्या माणसांसाठी वर्षातून एक ठरलेला दिवस वापरायची. कामावर लागतानाची पहिली तपासणी फार महत्त्वाची, आणि इथं तपासणाऱ्यांना एक गोष्ट सांगावी लागेल. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजारांत असल्या की अहवाल "नॉर्मल" छापून येतो. समजा एखाद्याच्या कामावर लागताना नऊ हजार होत्या, दोन वर्षांनी साडेसहा झाल्या, चौथ्या वर्षी साडेचार. तिन्ही कागद नॉर्मल. पण तिन्ही शेजारी ठेवले तर घसरण लगेच दिसते. म्हणून नुसती शिबिरं भरवून, केळी वाटून, फोटो काढून उपयोग नाही. त्याच माणसाचे मागचे आकडे पुढच्या वर्षी डॉक्टरच्या समोर असले पाहिजेत. एक जाडसर कार्ड पुरे, लसीकरणाचं असतं तसं.

ते कार्ड माणसाच्या हातात राहावं, मालकाच्या नव्हे. अहवाल खराब आला म्हणून पोराला काढून टाकलं तर पुढच्या वर्षी कोणी बाही वर करणार नाही. त्याला तात्पुरतं हिशेबाच्या टेबलावर, डिझेलच्या किंवा हवा भरायच्या कामावर बसवता येतं. डिझेलमध्ये बेंझीन अगदी नगण्य असतं. पंपचालकांना मी दोष देत नाही, कमिशनवर चालणारा धंदा आहे आणि बरेच मालक स्वतः त्याच वाफेत बसलेले असतात. त्यांची स्वतःची तपासणीही याच यादीत यावी.

दुसरं, मोजमाप. बुलढाण्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं, याचा जिल्ह्याला अभिमान आहे. तिथल्या जनऔषधवैद्यक विभागाला पहिलाच मोठा विषय हा द्यावा. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आयसीएमआरचीच, म्हणजे आपल्याच मंत्रालयाच्या छत्राखालची. तिच्याकडं लघवीतून बेंझीनचे अवशेष मोजण्याचं ज्ञान आहे. अंगात प्रत्यक्ष किती गेलं ते त्यावरून कळतं. चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव आणि धाड इथले काही पंप आणि गॅरेजं घेऊन, उन्हाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा, हवा, रक्त आणि लघवी तपासली तर ग्रामीण महाराष्ट्रासाठी आधार धरता येईल असं काहीतरी हाती लागेल. शेगावला पथक आलं तसं हेही येऊ शकतं. इथं कोणाचं टक्कल पडण्याची वाट पाहायची नाही, एवढाच फरक.

तिसरं काम आपल्या एकट्याच्या खात्याचं नाही, पण आपण पत्र लिहिलं तर ते ऐकलं जाईल. सामाजिक सुरक्षा संहितेत अशी तरतूद आहे की केंद्र सरकारनं एखादा व्यवसाय धोकादायक म्हणून अधिसूचित केला, तर तिथं एकच कामगार असला तरी कर्मचारी राज्य विमा योजना लागू करता येते. पेट्रोल भरणं आणि पेट्रोलनं सुटे भाग धुणं ही कामं त्या अधिसूचनेत यावीत, अशी शिफारस आरोग्य मंत्रालयाकडून श्रम मंत्रालयाकडं जावी. दहा माणसांची अट तिथं आपोआप गळून पडते. तेल कंपन्यांना सांगून टँकर खाली करताना वाफ परत टँकरमध्ये नेणारी नळी सगळीकडं सक्तीची करावी, गाव लहान असो की मोठं. ती महागडी यंत्रणा नाही, एक नळी आणि दोन जोडण्या आहेत.

सरकारचं काम होईपर्यंत गावात जे करता येतं ते आम्ही सुरू करतो आहोत. वर्गात मी षटकोनाबरोबर एवढं शिकवायला लागलो आहे : वाऱ्याकडं पाठ करून उभं राहू नका, बाजूनं उभं राहा. नोझल बंद झालं की बंद, गिऱ्हाइकानं कितीही म्हटलं तरी वर थेंब नाही. पेट्रोलचं फडकं खिशात नको. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, ही वाफ अडवत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. पाइप तोंडानं ओढू नका, पाच-पन्नास रुपयांचा हातपंप मिळतो. हात धुवायला पेट्रोल नको, भुसा आणि साबणाची पूड घ्या, वेळ जास्त लागतो पण ग्रीस निघतं. कामाचे कपडे घरी नेऊन बाळाच्या कपड्यांत भिजवू नका. पोरं ऐकतात. पण आठ-दहा हजारांच्या पगारावर उभा असलेला पोरगा गिऱ्हाइकाला "नाही" म्हणू शकत नाही. पंपावर "पेट्रोलची वाफ श्वासात घेऊ नका, टाकी काठोकाठ भरणार नाही" असा कंपनीचा बोर्ड लागला, तर त्याच्या वतीनं बोर्ड बोलेल. धूम्रपानबंदीच्या बोर्डाशेजारी तेवढी जागा आहे.

आणखी एक. हल्ली पंपांवर मुलीही कामाला दिसतात, आणि ते पाहून बरं वाटतं. त्यांना कामावरून दूर करा असं मी म्हणत नाही. पण गरोदरपणात पगार न कापता मशीनपासून दूरचं काम मिळालं पाहिजे, आणि दिवस गेल्याचं सांगितलं तर नोकरी जाईल या भीतीनं तिनं ते लपवायची वेळ येऊ नये. आशाताई गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद ठेवतातच, "कुठं कामाला जाता?" एवढा प्रश्न त्यांच्या वहीत वाढवता येईल.

उपचार आहेत, योजना आहेत, संभाजीनगरच्या आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय आम्हाला जवळ पडतं, तिथले डॉक्टर जीव तोडून काम करतात. पण ल्युकेमियाचा रोगी तिथं पोचेपर्यंत घरातली म्हैस विकलेली असते आणि धाकट्या भावाची शाळा सुटलेली असते. त्या रांगेत माझा विद्यार्थी उभा राहू नये, एवढ्यासाठी तपासणी आधी हवी.

धाड आणि आसपासच्या गावांतल्या पंपांवर, गॅरेजांत आणि स्प्रे पंप दुरुस्तीच्या दुकानांत कोण किती वर्षांपासून काम करतं, याची यादी माझे विद्यार्थी या उन्हाळ्याच्या सुट्टीत करणार आहेत. नाव, वय, कामाची वर्षं आणि तपासणीला तयारी आहे की नाही, एवढंच विचारायचं. यादी पूर्ण झाली की ती मेहकरला आपल्याकडं आणून देतो. रक्ताचे नमुने कोणत्या दिवशी आणि कोणत्या केंद्रावर घ्यायचे, एवढं आपल्या कार्यालयानं कळवावं. माणसं तिथपर्यंत आणायची जबाबदारी आमची.

आपला,
धाड येथील एक रसायनशास्त्र शिक्षक